पंचावन्नच्या आधी

पितृपक्षातली नवमी खरं तर मंगळवारी होती. पण सिंगापुरात आल्यापासून या घरातल्या सगळ्या तिथी रविवारीच येत असत. सासूबाईंच्या, विमलताईंच्या श्राद्धाचं जेवण त्यामुळे रविवारी होतं, आणि ते रांधत होती विनीता. बिशानच्या जुन्या घरात नाही, तर वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. कायद्यानं ती आता त्या घरची सून राहिली नव्हती.

तिचा भाऊ चारुदत्त हॉलच्या बंद खिडकीपाशी उभा होता. मिरजेहून येऊन त्याला आठवडा होत आला, तरी सिंगापूर त्याला अजून नीट दिसलंच नव्हतं. पलीकडच्या बेटांवरची जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून इथे येऊन बसला होता. समोरची इमारत मधेच असायची, मधेच नसायची. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, इतका तो मऊ पडला होता. सकाळपासून एकसारखा केशरी उजेड होता. आत्ता अकरा वाजलेत की पाच, हे घड्याळानं सांगावं तेव्हा कळायचं.

"दादा, खिडकी उघडू नकोस हं," विनीता आतून म्हणाली.

"उघडत नाही गं. बघतोय नुसता." तो स्वयंपाकघराच्या दारात आला. ती उडदाचे वडे तळत होती. ओट्यावर अळूची भाजी, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर, सगळं झाकून ठेवलेलं. "विनू, एक विचारू? मार्चमध्ये कोर्टानं तुला मोकळं केलं. तरी तू त्यांच्या घरचं श्राद्ध रांधतेस?"

"त्यांच्या घरचं नाही. आईंचं."

"म्हणजे तेच ना!"

"तेच कसं? निशीला आमसुलाची चटणी येते का करायला? आणि आजच्या दिवशी अप्पांना बाहेरचं चालत नाही." तिनं वडा उलटला. "आईंना माझ्या हातचे वडे आवडायचे. त्यांचा माझा घटस्फोट कुठे झालाय?"

बहिणीचं हे असं बोलणं चारुदत्तला लहानपणापासून माहीत होतं. हळू आवाजात, हसत हसत, आणि पुढे बोलायला काही ठेवायचंच नाही.

तो आला होता एका कामासाठी. निकालात नवऱ्याच्या, निशिकांतच्या सीपीएफमधला, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडातला, मोठा वाटा विनीताला मिळाला होता. मिळाला म्हणजे त्याच्या खात्यातून निघून तिच्या खात्यात जाऊन बसला. हाताला काही लागला नाही. पंचावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही, आणि त्यानंतरही बराचसा भाग म्हातारपणासाठी म्हणून अडकूनच राहतो. विनीता अठ्ठेचाळीसची होती. आधी पैसे हवे असतील तर एकच वाट होती: इथली पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे पीआर, सोडायची, निळं ओळखपत्र सरकारला परत करायचं आणि देश कायमचा सोडायचा. मग सगळी रक्कम एकदम हातात येते. पुढे मुलीला, जाईला भेटायला व्हिजिट पासवर यावं हवं तितकं, पण राहायला नाही आणि नोकरीलाही नाही.

"पीआर सोडते, दादा. मी परत येते," असं ती ऑगस्टमध्ये फोनवर म्हणाली, तेव्हा चारुदत्तला मनापासून आनंद झाला होता. मिरजेत मालगाव रोडला बाबांनी घेऊन ठेवलेली जागा होती, दोघांच्या नावावर. तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट असा बेत त्यानं बिल्डरबरोबर बोलून ठेवला होता. एक फ्लॅट विनूचा. भाऊ खालच्या मजल्यावर, बहीण वरच्या. तो बेत तिला सांगितल्यावर मात्र ती नुसतं "आल्यावर बोलू" म्हणाली होती. म्हणून तोच आला.

"जाईला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही अजून."

"मग कधी? विमानतळावर?"

"आज. जेवण झालं की." तिनं गॅस बंद केला. "आज सगळे असतील. एकदाच सांगायचं."

*

निशिकांतच्या वडिलांना, दीनानाथांना वयामुळे अलीकडे गाडीत बसलं की गुंगी येत असे. मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर ते मास्क लावून बसले होते. तांजोंग पगारच्या कॉन्डोपासून, म्हणजे निशिकांतच्या नव्या महागड्या फ्लॅटपासून, वुडलँड्स म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. बिशानवरून जाताना त्यांनी मान वळवली. जुनी इमारत त्या धुरात कुठेतरी होती. दिसली नाही, पण दहाव्या मजल्यावर विमल कपडे वाळत घालत असेल, असं त्यांना अगदी सहज वाटून गेलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, हे मग थोड्या वेळानं आठवलं. आठवल्याचं दुःख झालं नाही. आज जेवायला तिच्याकडेच तर निघालो आहोत, असं वाटलं.

"अप्पा, झोपलात का?" निशिकांतनं आरशातून बघत विचारलं.

"नाही रे. आपण पोचलो की सांग."

फ्लॅटचं दार जाईनं उघडलं. एकोणीस वर्षांची नात, केस कापलेली, पायांत चपला नाहीत. "आजोबा, मास्क काढा आता. घरात प्युरिफायर आहे." बापाला ती फक्त "हाय पप्पा" म्हणाली आणि आत गेली. निशिकांत दारातच थोडा घुटमळला. या घरात चपला कुठे काढायच्या हेही त्याला विचारावं लागत होतं.

जेवणाआधी दीनानाथांनी एक पान वाढून मागितलं. बाहेरच्या कॉरिडॉरच्या कठड्यावर त्यांनी ते स्वतः नेऊन ठेवलं.

"इथे कावळे आहेत का अप्पा?" चारुदत्तनं विचारलं.

"आहेत थोडे. पण या धुरात कुठे यायचे? मैना येतात. विमलला मैना चालायच्या." ते थोडा वेळ तिथेच थांबले. खाली झाडांचे शेंडे तरंगल्यासारखे दिसत होते, बुंधे नव्हतेच. एक मैना खरंच आली, वड्याभोवती फिरली, चोच मारून उडाली आणि पंखांच्या दोन हालचालींत नाहीशी झाली. दीनानाथांना पुरलं तेवढं.

जेवण शांतपणे चाललं होतं. प्युरिफायर घरघरत होता. तो केशरी उजेड ताटांवर पडला होता आणि त्यात खीरसुद्धा वेगळ्याच रंगाची दिसत होती. निशिकांतनं दुसऱ्यांदा वडे मागून घेतले. "अगदी आईसारखे झालेत," तो म्हणाला. विनीता म्हणाली, "त्यांनीच शिकवलेत." आणि पुन्हा सगळे जेवू लागले.

चारुदत्तनं खिरीची वाटी तोंडाला लावून संपवली आणि समाधानानं म्हणाला, "वा! विनू, पुढच्या वर्षी हाच बेत मिरजेला."

जाईनं ताटातून मान वर केली. "नेक्स्ट यिअर आपण इंडियाला जाणार, मामा?"

चारुदत्तनं वाटी खाली ठेवली, पण शब्द परत घेता येत नव्हते.

"आई?"

विनीतानं हात धुतले नव्हते, ती उठली नाही. तशीच बसून म्हणाली, "मी जाणार आहे, जाई. जेवण झाल्यावर सांगणार होते. पीआर सोडून जायचं ठरवतेय. मग सीपीएफचे पैसे काढता येतात."

"सोडून? म्हणजे... फॉर गुड?"

"हो."

निशिकांत पुढे सरकला. ऑफिसात मीटिंग हातात घेताना सरकत असेल तसाच. "विनीता, एक मिनिट. पीआर सोडलीस की परत मिळत नाही. तुला माहितेय ना? लोक दहा दहा वर्षं अर्ज करत बसतात. पंचावन्नला सात वर्षं राहिली. तोवर तिथं व्याज मिळतंय, पैसे सुरक्षित आहेत. आणि तुला आत्ताच गरज असेल तर मी देतो. ते नंतर बघू."

"तू देशील, मग ते तुझे पैसे होतील निशी. हे माझे आहेत."

"माझ्याच खात्यातून गेलेत ते!" तो बोलून गेला आणि लगेच आवाज खाली आणला. "तसं नाही म्हणत मी. कोर्टानं दिलेत, तुझेच आहेत. पण भावनेच्या भरात असा निर्णय घेऊ नये. जाई आहे इथे. तिचा तरी विचार कर."

"आणि मी आहे," दीनानाथ म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताटातल्या शेवटच्या भाताला ताक कालवत होते.

"ते नाही बोललास तू, निशी. आठवड्यातले निम्मे दिवस तू मला इथे आणून सोडतोस. माझ्या गोळ्या ती बघते, डॉक्टरकडे ती नेते, माझं डोकं दुखलं तर ते तिला आधी कळतं. ती गेली तर ते सगळं तुला करावं लागेल. हेच ना?"

"अप्पा, तुम्ही उगाच..."

"मी रागावून नाही बोलत रे. खरं आहे म्हणून बोलतो. मलाही ती जायला नकोच आहे." त्यांनी विनीताकडे पाहिलं. "पण मी तिला जा म्हणून सांगितलंय. दोन महिने झाले. तिनं मला आधीच विचारलं होतं."

चारुदत्तच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. म्हातारा आपल्या बाजूचा निघाला होता. "बघा! अप्पांनाही पटलंय. आणि ती काही रस्त्यावर येत नाही जावईबापू. बाबांची जागा आहे, आपण इमारत उभी करतोय, तिचा स्वतःचा फ्लॅट होईल..."

"दादा, मी इमारतीत पैसे घालणार नाही."

"म्हणजे?"

"जागेतला माझा अर्धा हिस्सा मला वेगळा करून दे. तिथे मला पोहायचा तलाव बांधायचाय. बायकांसाठी."

चारुदत्त आधी हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "तलाव? मालगाव रोडला? विनू, अगं मिरजेत बायका पोहायला येणार आहेत का? कोण येणार? जोशीकाकू?"

"येतील. आपल्या घाटावर आठवतं? तू आणि तुझे मित्र नदीत उड्या मारायचात आणि मी वर कपडे सांभाळत बसायचे. मला एकदाही कोणी विचारलं नाही, तुला यायचंय का म्हणून. मलाही सुचलं नाही विचारायचं. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरले दादा. या देशात. बिशानच्या तलावात, एका चिनी आजीनं मला धरून शिकवलं. आता शनिवारी मीच तिच्याबरोबर शिकवते. साठ-साठ वर्षांच्या बायका येतात, पायऱ्यांवर थरथरत उभ्या राहतात. मी हात देते. आणि मग त्या तरंगतात."

"तरंगतात! आणि त्यासाठी आयुष्याची पुंजी पाण्यात घालायची?" चारुदत्तचा आवाज चढला. "माफ करा अप्पा, आज दिवस नाही बोलायचा. पण हे तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी नाही, विमल म्हणाली," दीनानाथ म्हणाले.

जाईनं चमकून आजोबांकडे पाहिलं. त्यांचा काळवेळेचा घोटाळा होतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आत्ता त्यांचे डोळे स्वच्छ होते.

"विनीता शिकायला जायची तेव्हा विमल तिच्याबरोबर टॉवेल घेऊन जायची. बाकावर बसायची. एक दिवस घरी आली ती केस ओले. मी म्हटलं, काय गं, पाऊस होता का? तर म्हणाली, मी उतरले. बहात्तराव्या वर्षी! लहान मुलांच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, सुनेचा हात धरून. गुडघ्यांनी ती किती बेजार होती तुला माहितेय निशी, बसली की उठता यायचं नाही. मला म्हणाली, अहो, माझं वजनच गेलं. पाय आहेत हेच कळेना. आणि मग ती हसत सुटली. लग्नानंतर पन्नास वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं." दीनानाथ थांबले. "त्या दिवशी ती म्हणाली, विनीताला हे आपल्याकडच्या बायकांना द्यायला सांगा. सांगायला मीच विसरलो. विनीतानं स्वतःहून विचारलं, तेव्हा आठवलं."

निशिकांत आईच्या फोटोकडे बघत राहिला. हार ताजा होता. आई पाण्यात उतरली होती हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं; किंवा सांगितलं असेल आणि तो फोनवर असेल.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. जाई उठली होती. "सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "आजोबांना. मामाला. मरून गेलेल्या आजीला पण. फक्त मला नाही." तिनं दारामागचा मास्क ओढून घेतला आणि ती बाहेर पडली.

*

खाली इमारतीच्या पोटातल्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं होती. एरवी तिथे म्हातारे पट मांडून बसत. आज कोणी नव्हतं. धूर खांबांमधून आत येऊन पसरला होता आणि दिवसाच लागलेले दिवे त्यात पिवळे, अस्पष्ट लोंबत होते. जाईला वाटलं, आपण कुठल्या तरी बुडालेल्या शहरात आलोय, आणि इथे कितीही ओरडलं तरी वर काही ऐकू जाणार नाही.

आई येणार हे तिला माहीत होतं. आली. मास्क लावायला विसरली होती.

"मास्क लाव," जाई म्हणाली.

"राहू दे. दोन मिनिटं."

"नो. लाव." जाईनं खिशातला जास्तीचा काढून दिला. विनीतानं लावला आणि समोर बसली. दोघींचे आता फक्त डोळे दिसत होते.

"मी तुझं नाव घेतलं होतं," जाई म्हणाली. "ती कोर्टातली काउन्सेलर विचारत होती ना, हू डू यू वॉन्ट टू स्टे विथ. पप्पाकडे कॉन्डो होता, तिथून स्कूल जवळ. मी तुझं नाव घेतलं. वुडलँड्स सम मोअर, इतकं लांब! रोज दीड तास ट्रेन. मी एकदा तरी कंप्लेन केलं?"

"नाही केलंस."

"आणि आता तूच चाललीस. पूल इथे पण आहेत, आई. एव्हरीवेअर. पप्पाच्या कॉन्डोत खाली आहे."

"इथे आहेत, म्हणूनच गं. इथे मी नसले तरी त्या बायकांना कोणीतरी शिकवेल."

"आणि मला?"

किती तरी रात्री विनीतानं या प्रश्नाची तयारी केली होती, होस्टेल, सुट्ट्या, रोजचा व्हिडिओ कॉल. त्यातलं एकही वाक्य आता तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार."

आईचे डोळे खरं बोलतायत हे जाईला दिसलं, आणि नेमका त्याचाच तिला भयंकर राग आला. "डोन्ट डू दॅट! माझ्यावर टाकू नको! मी नको म्हणेन, तू राहशील, आणि मग दहा वर्षांनी तू खिडकीत बसून राहशील आणि मला रोज वाटणार, माझ्यामुळे. तू पप्पासाठी जॉब सोडलास, मग सगळी लाइफ पप्पाला ऐकवलंस. मला नको ते. तुझं तू ठरव, लाह!" रागात तिच्या मराठीला इथल्या बोलीचं हे शेपूट लागत असे.

वरच्या कुठल्या तरी मजल्यावरून मुलाच्या पियानोच्या सरावाचे सूर येत होते; तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती. विनीता ऐकत बसली. एकोणीस वर्षांची मुलगी तिला जे सांगत होती ते तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यासाठी, सासूसाठी, मुलीसाठी असं म्हणत म्हणत तिनं सगळे निर्णय घेतले होते, आणि प्रत्येकाचं ओझं गुपचूप त्या त्या माणसाच्या खांद्यावर ठेवून दिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग ऐक. मी जाणार आहे. तू रडलीस तरी जाणार, नाही रडलीस तरी जाणार. मला जायचंय म्हणून. मला तो तलाव हवाय, मला तिथे पाण्यात उभं राहून बायकांना हात द्यायचाय. तुला सोडून जाताना माझा जीव जाईल, तरी जाणार."

जाई रडत होती. मास्क ओला झाला आणि तिला श्वास घेणं जमेना, तेव्हा तिनं तो खाली ओढला. "ओके," ती म्हणाली. "ओके. पण मी अजून रागावलीये."

"राहा रागावलेली."

"खूप दिवस."

"चालेल."

दोघी तिथेच बसल्या. धुरातून एक मांजर आलं, टेबलावर चढलं आणि जाईच्या हाताशी अंग घासून झोपलं. दोघींपैकी कोणीच त्याला उठवलं नाही.

*

विनीता वर आली तेव्हा घरात भांड्यांचा आवाज येत होता. दीनानाथ आरामखुर्चीत झोपले होते, तोंड किंचित उघडं, ओठांवर हसू. चारुदत्त सोफ्याच्या टोकाला पाठ ताठ करून बसला होता. आणि बेसिनपाशी, बाह्या वर करून, निशिकांत कढई घासत होता.

"राहू दे ते," विनीता म्हणाली.

"होतंच आलंय." त्यानं मागे वळून पाहिलं नाही. "जाई ठीक आहे?"

"खाली बसलीये. येईल."

"ती माझ्याकडे राहील का?"

"तिला विचार. तू विचारलंस तर कदाचित राहील. सांगितलंस तर नाही."

निशिकांतनं मान हलवली. नळ बंद केला. एकत्र काढलेल्या एवढ्या वर्षांत दोघांमध्ये इतकं सरळ बोलणं किती वेळा झालं असेल, असं दोघांच्याही मनात आलं असावं. कारण दोघंही थोडं ओशाळले. मग तो म्हणाला, "अप्पांच्या वरणात तू काय घालतेस? माझं त्यांना आवडत नाही. बोलत नाहीत, पण पानात ठेवतात."

"हिंग. आणि वरण शिजतानाच चमचाभर तूप. थांब, दाखवते." तिनं डब्यांचं फडताळ उघडलं. निशिकांत तिच्या बाजूला उभा राहून, नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासारखा, लक्ष देऊन ऐकू लागला.

बराच वेळ गेल्यावर हॉलमधून चारुदत्तचा आवाज आला. "पाणी कुठून आणणार आहेस?"

"काय म्हणालास दादा?"

"तलावाला पाणी लागतं ना? मालगाव रोडला बोअर मारलास तर खारं लागेल. बाबांनी विहीर खणली होती, आठवतं का? तोंडात घालवेना." त्याचा आवाज अजून फुरंगटलेलाच होता. "आणि हिस्सा वेगळा करायचा तर सरकारी मोजणी आणावी लागेल. तू तिथं येऊन एकटी त्या ऑफिसात खेपा घालणार आहेस का?"

"नाही. तू घालशील."

"हं. बरं गृहीत धरतेस."

तो उठून पुन्हा खिडकीशी गेला. सोन्यासारखं बांधकाम हातचं गेलं होतं, आणि शेजारी बायकांचा तलाव म्हणजे तिथे दुकान तरी कोण घेणार, असा हिशेब तो मनात करत होता. मग कपड्यांचं दुकान चालेल, असं त्याला वाटलं. टॉवेल, पोहण्याचे पोशाख. नाही म्हणायला चहाचंसुद्धा.

खुर्चीतले दीनानाथ झोपेतच काहीतरी पुटपुटले. विनीता त्यांच्याजवळ गेली. डोळे न उघडता ते म्हणाले, "मी मिरजेला येणार नाही हं."

"माहितेय, अप्पा."

"विमलला आपण इथल्या समुद्रात सोडलंय. मी इथेच बरा." त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "तू मागे बघू नकोस. मी निशीला शिकवीन हळूहळू. पन्नाशीत आलाय, पण हुशार आहे तसा."

*

नोव्हेंबरात पावसानं धूर धुऊन काढला आणि शहर पुन्हा जागच्या जागी दिसू लागलं. विनीताला मात्र अजूनही सगळं थोडं लांबूनच दिसत होतं. नोकरीचा राजीनामा, फ्लॅटची किल्ली, शनिवारच्या बायकांचा निरोप, सगळं कोणा दुसरीच्या बाबतीत चाललंय आणि आपण काचेतून बघतोय, तसं. चारुदत्तनं मोजणी मागवली होती. त्याचे रोज दोन फोन येत, आणि प्रत्येक फोनमध्ये तलाव थोडा लांब होत असे.

इमिग्रेशनच्या इमारतीत ती एकटीच गेली. जाईनं आधीच सांगितलं होतं, मी येणार नाही. लेक्चर आहे. विनीतानं आग्रह केला नाही.

तिचा नंबर लागण्याची वाट बघत ती बाकावर बसली असताना शेजारी कोणीतरी येऊन धपकन बसलं. पाठीवर सॅक, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

"लेक्चर?"

"कॅन्सल," जाई म्हणाली. खोटं बोलत होती. विनीतानं विचारलं नाही.

काउंटरवरच्या मलय बाईंनी कागद पाहिले, पासपोर्ट पाहिला आणि मृदू आवाजात विचारलं, नक्की ना? परत घेता येणार नाही. विनीता हो म्हणाली. तिनं पर्समधून निळं कार्ड काढलं. फोटोतली बाई तेव्हा बरीच तरुण होती, आणि घाबरलेली. तिनं कार्ड काउंटरवर ठेवलं. बाईंनी ते उचललं, पासपोर्टवर व्हिजिट पासचा शिक्का मारला आणि परत दिला. बस्स, एवढंच. यानंतर सीपीएफच्या ऑफिसात अर्ज, मग पैसे, मग विमान.

बाहेर ऊन होतं. स्वच्छ, पांढरं, डोळ्यांवर येणारं. दोघी काही न बोलता चालत राहिल्या आणि कोपऱ्यावरच्या कॉफीशॉपमध्ये शिरल्या. दुपारची गर्दी होती. डोशांच्या गाड्यावरून वाफ येत होती. रिकामं टेबल दिसताच विनीता सवयीनं जागा धरून बसली आणि सवयीनंच तिनं पैशांसाठी पर्स उघडली.

"ठेव ती आत," जाई म्हणाली.

"अगं, मी देते ना."

"पासपोर्ट बघ तुझा. आता इथे राहते ती मी. तू पाहुणी आहेस." ती उभीच होती, सॅक खुर्चीवर टाकून. तिचे डोळे लाल होते, पण ओठांचा कोपरा हसू दाबत होता. "आणि पाहुण्यांनी पैसे द्यायचे नसतात. तूच शिकवलंयस."

विनीतानं पर्स मिटली. मांडीवर ठेवली. पुढे काय करायचं ते हातांना कळेना, म्हणून ते तसेच पर्सवर ठेवून ती बसली.

जाई थोडी वाकली, आणि जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या शुद्ध, अदबशीर मराठीत तिनं विचारलं, "काय घेणार तुम्ही?"

विनीतानं मुलीकडे वर पाहिलं. तितक्याच गंभीरपणे तिनं उत्तर दिलं.

"तुम्ही द्याल ते."